कॉम्प्युटरवर चाल बांधायला शिकायचंय, पण मींड कुठे जाते?

काळी_चार | रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. आजवर नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी मुलुंडला राहते, नोकरी फोर्टला. गांधर्वच्या मध्यमा पूर्णपर्यंत गाणं शिकले. पुढे लग्न, मुलं, नोकरी. रियाज सुटला, पण गाणं सुटलं नाही. गेल्या वर्षभरात मात्र एक नवीनच गोष्ट व्हायला लागलीय. लोकलमध्ये बसल्या बसल्या चाली सुचतात. उतरले की प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन फोनमध्ये गुणगुणून ठेवते. काल मोजल्या तर ३१ निघाल्या.

त्यातली एक आईच्या अंगाईची आहे. माझ्या जन्माच्या वेळी तिने लिहिलेली, तिला कधीच चाल नव्हती. माझी चाल भीमपलासात बसली. आई आता ७४ वर्षांची आहे आणि मला ती तिला नीट वाद्यांसकट ऐकवायची आहे. म्हणून लेकाच्या लॅपटॉपवर एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. डावीकडे पियानोच्या पट्ट्या उभ्या, उजवीकडे चौकटी. माउसने एकेक स्वर भरला. दोन तास गेले.

ऐकलं तर सगळे स्वर बरोबर आहेत, पण चाल माझी नाही. दाराची बेल वाजावी तशी वाजते. 'नीज' या शब्दावर मी मध्यमावरून कोमल गंधारावर ओघळत येते. अख्खी अंगाई त्या एका जागेवर उभी आहे. पडद्यावर तिथे दोन ठोकळे शेजारी शेजारी बसलेत, मधलं ओघळणं गायब.

हे शिकायचं तर सुरुवात कुठून करू? पाश्चात्त्य नोटेशन आधी शिकावं लागेल का? काही विकत घ्यावं लागेल का? आणि मुख्य म्हणजे, ती मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर ओघळणं, जाते कुठे?

सव्वापाचची_लोकल | रविवार, रात्री १०.५८

रुमाल टाकून ठेवते. माझ्याही फोनमध्ये अशा चाली पडून आहेत, मी मोजायची हिंमत केली नव्हती.

गोरेगावचा_साउंड | रविवार, रात्री ११.३५

ताई, पहिली गोष्ट: सध्या एक रुपयाही खर्च करू नका. लॅपटॉप आणि बरे हेडफोन असले की वर्षभर पुरतं. मी गेली अठरा वर्षं रेकॉर्डिंगच्या कामात आहे आणि महागडं सामान घेऊन एकही गाणं पुरं न केलेली माणसं खूप पाहिली आहेत.

आता मींड. तुम्ही माउसने जे भरलंत ते मिडी. वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एकमेकांशी बोलावेत म्हणून १९८३ साली ठरलेली ही भाषा. त्यात आवाज नसतो, नुसते आकडे असतात. प्रत्येक पट्टीला ० ते १२७ मधला एक आकडा, मधला सी म्हणजे ६०. तुमच्या नावावरून सा काळी चार (सप्तकातली चौथी काळी पट्टी) धरतो, म्हणजे ५६. मग कोमल गंधार ५९ आणि मध्यम ६१. '६१ चालू कर, ६१ बंद कर, ५९ चालू कर' एवढंच तुम्ही त्याला सांगितलंत. ६१ वरून ५९ ला कसं यायचं ते कुठे सांगितलंत?

ते सांगायची जागा वेगळी आहे. ठोकळ्यांच्या खाली एक पट्टा उघडतो, त्यात 'पिच बेंड' निवडा. तिथे १६,३८४ पायऱ्या असतात, मधोमध ८,१९२ म्हणजे स्वर जागच्या जागी. बहुतेक वाद्यांत तळ गाठला की स्वर दोन पट्ट्या खाली येतो. ६१ वरून ५९, बरोबर दोन पट्ट्या! तेव्हा गंधाराचा ठोकळा पुसून टाका. मध्यमाचाच ठोकळा लांब ओढा आणि खालच्या पट्ट्यात मधल्या रेषेपासून तळापर्यंत हाताने उतार काढा.

उतार सरळ रेषेत काढू नका, गळा तसा उतरत नाही. आणि पुढचा स्वर सुरू व्हायच्या आधी रेषा परत मध्यावर आणायला विसरलात तर उरलेलं गाणं दोन पट्ट्या खाली वाजत राहील.

गिरगाव_६८ | सोमवार, सकाळी ७.१५

ताई, मी जुन्या वळणाचा माणूस, वय ६८. जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

चाल सुचणं आणि चाल बांधणं यात फरक आहे. सुचलेली चाल शंभर वेळा गळ्यावर फिरली की तिचे कोपरे झिजतात, नको ते स्वर आपोआप गळून पडतात. पडद्यावर ठोकळे मांडायला लागलात की डोळा कामाला लागतो आणि कान झोपतो. दोन ओळी डोळ्यांना सारख्या दिसल्या की माणूस उचलून तिसरीकडे चिकटवतो. आमच्या गुरुजींनी मला एकच मुखडा सहा महिने म्हणायला लावला होता. तेव्हा कंटाळा यायचा. आज मला त्यातलं नेमकं कळतं.

नोटेशनचं म्हणाल तर भातखंडे याच मुंबईतले, वाळकेश्वरला १८६० साली जन्मले. त्यांनी हयात घालवून बंदिशी कागदावर उतरवल्या. मींडेसाठी त्यांनी स्वरांच्या डोक्यावर कमान काढली. पण कमानीवरून कसं उतरायचं हे त्या कागदातून कळत नाही, ते ऐकूनच घ्यावं लागतं. त्या वेळी कागदाला जमलं नाही ते आता यंत्राला जमेल असं मला वाटत नाही.

पेटी असेल तर पेटीवर बसवा. वादक बोलवा. एक तबला, एक बासरी. अंगाईला आणखी काय लागतं?

पाचवी_पट्टी | सोमवार, सकाळी ९.०२

काका, मत आदराने वाचलं, पण पेटीचा आधार तुम्ही घ्यावा याचं नवल वाटलं. पेटीवर मींड निघत नाही म्हणून तर आकाशवाणीने १९४० साली तिला बाहेर काढलं होतं, ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. तेव्हाही 'यंत्राच्या पट्ट्यांनी कान बिघडतील' असंच म्हणत होते. आणि आज पेटीशिवाय एखादी मैफल दाखवा! त्या पट्ट्यांतूनही वादकांनी भात्याच्या दाबावर आणि कणस्वरांवर (ओझरत्या स्वरांवर) मींडेचा भास उभा केलाच ना? लॅपटॉपलाही तेवढी वर्षं द्या.

शिवाय ताईंनी वादक बोलवायचे म्हणजे मुंबईत किती खर्च येतो हे इथल्या अनेकांना माहीत आहे.

गिरगाव_६८ | सोमवार, सकाळी ९.४०

पेटीचा मुद्दा मान्य. तो मी सोयीने विसरलो होतो.

कान झोपतो हा मुद्दा मात्र सोडत नाही.

गोरेगावचा_साउंड | सोमवार, दुपारी १.२०

तो सोडूही नका काका, तो खरा आहे. आमच्याकडे मी नवीन मुलांना मिक्स ऐकताना स्क्रीन बंद करायला लावतो.

वांद्र्याचा_व्हायोलिन | सोमवार, रात्री ९.५५

धागा वाचून वडिलांची आठवण झाली, थोडं लांबण लावतो.

माझे वडील सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस हे स्टुडिओ ही त्यांची रोजची ठिकाणं. त्या काळी अख्ख्या वाद्यवृंदाचं लेखन अरेंजर करत, त्यात गोव्याकडचे पुष्कळ. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं आमच्या घरात देवाच्या नावांसारखी घेतली जात. संगीतकार चाल गाऊन दाखवायचा आणि मुखडा-अंतऱ्याच्या मधला म्युझिकचा तुकडा, व्हायोलिनचे थर, बासरीचं उत्तर हे सगळं अरेंजर रात्रभर बसून लिहायचा. केरसी लॉर्डनी सत्तरच्या दशकात सिंथेसायझर आणला, तोवर ते एक नवं वाद्य होतं, एवढंच. नव्वदीत कॉम्प्युटर आणि प्रोग्रामर आले तेव्हा मात्र आमच्या घरी फोन वाजायचा कमी झाला. महिन्याला वीस बोलावणी यायची ती चारावर आली. आई त्या वर्षी शिवणकाम करायला लागली. त्यामुळे 'कॉम्प्युटरवर संगीत' हे शब्द मला कधीच नुसते आनंदाचे वाटले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगतो.

पण पुढची गोष्टही सांगायला हवी. वडिलांना एका तरुण प्रोग्रामरने बोलावलं. कीबोर्डवर त्याने व्हायोलिनचा अख्खा थर वाजवून ठेवला होता, आणि त्यावर वडिलांनी एकट्याने खरं व्हायोलिन वाजवायचं होतं. वडील म्हणाले, 'नुसता वरचा सूर धरला तर मी उपरा वाटेन. मला मधला द्या.' त्यांनी थराच्या पोटात शिरून मधली ओळ वाजवली आणि अख्खा थर श्वास घ्यायला लागला. मी दहावीत होतो, कोपऱ्यात बसून ऐकत होतो. खऱ्या वाद्याची एकच ओळ मध्ये सोडली तर आसपासची यंत्राची वाद्यंही जिवंत वाटतात, हे त्या दिवशी मला कळलं. ताई, तुमच्या अंगाईत तुमचा स्वतःचा आवाज असू द्या. गुणगुणणं का होईना. बाकी सगळं लॅपटॉपने वाजवलं तरी चालेल.

आणि शिकायचं कसं याबद्दल वडिलांची पद्धत. आवडतं एक जुनं गाणं घ्यायचं आणि त्यातला फक्त बास ऐकून लिहायचा, सरगमात लिहिला तरी चालेल. मग फक्त व्हायोलिन. मग फक्त अंतऱ्याआधीचा तुकडा. तीन गाणी अशी पुरी केलीत की कोण कधी गप्प बसतो हे कळायला लागतं. वडील म्हणत, अरेंजर म्हणजे कोणाला गप्प बसवायचं ते ठरवणारा.

सव्वापाचची_लोकल | सोमवार, रात्री १०.१०

व्हायोलिन दादा, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे. 'मला मधला द्या' वाचून अंगावर काटा आला.

लालबागची_बॅंजो | मंगळवार, पहाटे १२.५०

आत्ताच वाजवून घरी आलो. मी बॅंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो, पंधरा वर्षं झाली. ताल कोणी काढलाच नाही म्हणून लिहितो.

ताई तुम्ही चौकटीत स्वर भरलेत ना, त्या चौकटीनेच अर्धा घोळ केलाय. सॉफ्टवेअरमध्ये 'क्वांटाइझ' नावाचं बटण असतं, दाबलं की प्रत्येक ठोका रेषेवर जाऊन बसतो. ढोलकीला ते दाबून बघा, ढोलकी मरते. धुम, म्हणजे घुमणारा ठोका, जरा मागे रेलतो आणि चाटीचे बारीक ठोके पुढे धावतात, त्या ओढाताणीतच ठेका आहे. आमच्याकडे नवीन पोरगा आला की आम्ही त्याला आधी मशीनच्या क्लिकवर वाजवायला लावतो आणि मग क्लिक बंद करतो. दोन्ही यायला पाहिजे.

तुम्ही असं करा. अंगाईचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवा, लॅपटॉपच्या बटणांवर वाजवलात तरी चालेल, तो तसाच रेकॉर्ड करा. मग ते क्वांटाइझ शंभर टक्के न लावता तीस-चाळीस टक्के लावा. चूक सुधारते, हात राहतो.

एकच अडचण येईल. बटण दाबल्यावर आवाज उशिरा येतो असं वाटेल. त्याचं शास्त्र गोरेगावच्या भाऊंनी सांगावं.

गोरेगावचा_साउंड | मंगळवार, सकाळी ८.३०

भाऊंचा मुद्दा एक नंबर. उशीर होतो तो बफरमुळे. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने नाही, बादलीने ओततो. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि बादली १,०२४ ची असेल तर एक बादली भरायलाच २३ मिलिसेकंद जातात, वर बाकीचा वेळ वेगळा. तबलजीला एवढा उशीर लगेच टोचतो. वाजवून रेकॉर्ड करताना सेटिंगमध्ये बादली १२८ ची करा, म्हणजे जेमतेम ३ मिलिसेकंद. मिक्स करताना परत मोठी करा, नाहीतर जुना लॅपटॉप खरखर करेल. विंडोज असेल तर 'आसिओ' ड्रायव्हर टाकावा लागेल, फुकट मिळतो.

झटपट | मंगळवार, सकाळी ११.१५

एवढी उठाठेव कशाला? आता एआय आहे. कविता टाका, 'भीमपलास, अंगाई, बासरी' लिहा, मिनिटभरात गाणं तयार. मी मुलीच्या वाढदिवसाला केलं, घरच्यांना आवडलं.

काळी_चार | मंगळवार, दुपारी २.०५

झटपट, तेही करून पाहिलं होतं, धागा काढायच्या आधीच. गाणं आलं, गोडही होतं. पण ते कोणाचं तरी होतं. त्याने 'नीज' शब्दावर आवाज वर चढवला. बाळ झोपत असताना आवाज वर का न्यायचा? आणि 'तेवढी एक जागा खाली आण' असं मला त्याला सांगताच येईना. प्रत्येक वेळी नवीनच गाणं द्यायचं. माझ्याकडे ३१ चाली आहेत हो, चालींची अडचण नाहीये मला. डोक्यातली जागा आहे तशी बाहेर काढता यावी, एवढंच शिकायचंय.

झटपट | मंगळवार, दुपारी २.२०

हे पटलं. मला चाल सुचत नाही म्हणून मला ते सोयीचं पडलं. तुमची गोष्ट वेगळी आहे.

पार्ल्याच्या_बाई | मंगळवार, रात्री ८.४५

मी मराठी माध्यमाच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते, आणि तबल्याची विद्यार्थिनी आहे. थोडा वेगळा रस्ता सुचवते.

आमच्या सातवीच्या मुलांना मी 'सॉनिक पाय' शिकवते. केंब्रिजच्या सॅम आरननी बनवलेलं, फुकट आहे, कोड लिहून संगीत वाजवायचं. 'प्ले' आणि एक आकडा, 'स्लीप' आणि एक आकडा, एवढ्यावर पहिला तास होतो. त्यात एक गंमत आहे. आकडा पूर्णांकच हवा असं नाही. ताईंचा सा ५६ असेल तर पेटीवरचा शुद्ध गंधार ६०. पण तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येतो तो गंधार पेटीच्या पट्टीपेक्षा किंचित उतरलेला असतो, साधारण चौदा सेंटनी (एका पट्टीचे शंभर सेंट). तिथे नुसतं ५९.८६ लिहायचं! मुलांना मी दोन्ही तानपुऱ्यावर लावून ऐकवले. एक मुलगा म्हणाला, 'बाई, पहिला कुरकुरतोय, दुसरा बसला.' श्रुती म्हणजे काय हे मला त्याच्याइतकं सोपं करून सांगता आलं नसतं.

मग आम्ही दिल्लीचा कायदा घेतला, म्हणजे तबल्यातली नियमात राहून वाढवायची रचना.

धा धा ति ट धा धा तू ना
ता ता ति ट धा धा धी ना

मुलांना नियम सांगितले: बोल यातलेच वापरायचे, शेवट तू ना आणि धी ना असाच व्हायला हवा, भरीत (पहिल्या ओळीत) जे वाजेल तेच खालीत (दुसऱ्या ओळीत). या नियमांत राहून कॉम्प्युटरला पलटे, म्हणजे त्याच बोलांच्या नव्या मांडण्या, काढायला लावले. त्याने ढीगभर काढले. त्यातले बरेचसे नियमाला धरून होते आणि तरी हाताला बसत नव्हते. मुलांनी एकेक तोंडाने म्हणून पाहिला आणि जे जिभेवर बसले तेवढे फळ्यावर लिहिले. गिरगावच्या काकांना सांगायचंय की त्या तासाला कोणाचाही कान झोपला नव्हता.

ही कल्पना माझी नाही. १९५७ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात हिलर आणि आयझॅकसन यांनी असंच केलं होतं. यंत्राने यादृच्छिक स्वर काढायचे, आणि नियमात बसतील तेवढेच ठेवायचे. त्यातून चार वाद्यांची रचना झाली. आणि ऐंशीच्या दशकात बर्नार्ड बेल आणि जिम किपेन यांनी लखनौच्या तबल्यातल्या कायद्यांसाठी 'बोल प्रोसेसर' बनवला. यंत्राने काढलेले पलटे उस्तादांसमोर ठेवायचे आणि 'हा चालेल, हा नाही' हे त्यांनी सांगायचं, त्यावरून नियम सुधारायचे. यंत्राने शिष्य व्हायचं, अशी ती मांडणी.

गिरगाव_६८ | मंगळवार, रात्री ९.३०

बाई, 'तोंडाने म्हणून पाहिला' हे वाक्य वाचून समाधान झालं. त्या मुलांना माझा आशीर्वाद सांगा. आणि यंत्र उस्तादांसमोर शिष्य म्हणून बसत असेल तर माझी तक्रार नाही.

ठाण्यापलीकडे | मंगळवार, रात्री ११.००

अवांतर: मुंबईत घरी आवाज रेकॉर्ड कसा करता तुम्ही लोक? आमच्या खाली रिक्षा स्टँड, वर सतत ड्रिल, समोर देऊळ.

सव्वापाचची_लोकल | मंगळवार, रात्री ११.१२

कपड्यांचं कपाट उघडायचं, साड्यांच्या घडीत फोन उभा करायचा आणि कपाटात तोंड घालून गायचं. पंखा बंद. रात्री एकनंतर, म्हणजे शेवटची लोकल गेल्यावर.

गोरेगावचा_साउंड | मंगळवार, रात्री ११.२०

कपाट चांगलंच. साड्या आवाज शोषतात, भिंतीवरून परत येऊ देत नाहीत. माइक तोंडापासून वीतभर, आणि समोरासमोर नको, जरा तिरका, म्हणजे 'प' आणि 'फ' चे फटके बसत नाहीत.

पाचवी_पट्टी | बुधवार, सकाळी १०.१०

मूळ प्रश्नाकडे. आपल्या नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलासंस्थेने ॲमस्टरडॅम विद्यापीठाबरोबर एक काम केलं होतं. गाणं वाजतंय आणि त्याच वेळी पडद्यावर गायकाच्या स्वराची रेषा सरकतेय, खाली सरगम. ती रेषा पाहिली की कळतं, आपण 'मध्यमावरून गंधारावर' असं दोन शब्दांत म्हणतो त्यात किती वळणं असतात. ताई, तुम्ही स्वतःच्या गुणगुणण्याची अशी रेषा काढू शकता. 'प्राट' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, भाषाशास्त्रवाले उच्चार तपासायला वापरतात. त्यात तुमचं रेकॉर्डिंग उघडा, स्वराची रेषा दिसेल. तीच समोर ठेवून पिच बेंड काढा.

आणि काकांसाठी खास. १९८२ मध्ये आपल्या मुंबईत चरणजित सिंग या सिनेमातल्या वादकाने रोलॅंड कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा राग वाजवून तबकडी काढली होती. त्यातल्या बासच्या यंत्रात एक स्वर दुसऱ्यात सरकवायची सोय होती, ती त्यांनी रागाच्या चलनासाठी वापरली. तेव्हा ती फारशी कोणी घेतली नाही. २०१० मध्ये परत निघाली तेव्हा जगभर चर्चा झाली. यंत्रात मींड शोधायचा खटाटोप या शहरात चाळीस वर्षं जुना आहे.

काळी_चार | पुढचा सोमवार, रात्री ११.४५

धागा वर काढतेय. आठ दिवस रोज रात्री तासभर बसले, काय काय झालं ते सांगते.

गोरेगावच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे गंधाराचा ठोकळा पुसला, मध्यम लांब केला, उतार काढला. पहिल्याच रात्री 'नीज' नीज झाली. इतका आनंद झाला की लेकाला उठवून ऐकवलं.

दुसऱ्या रात्री अडले. अंगाईच्या तिसऱ्या ओळीत पंचमावरून थेट कोमल गंधारावर येते. चार पट्ट्या, आणि बेंड तर दोनच पट्ट्या खाली जातो. शोधल्यावर कळलं की बेंडचा पल्ला वाढवता येतो, म्हणून बासरीच्या वाद्यात १२ केला. वाजवलं तर आधीची बरोबर झालेली 'नीज' पार खर्जात जाऊन आदळली. तासाभराने डोक्यात प्रकाश पडला: पल्ला १२ केला की तळ म्हणजे बारा पट्ट्या. आता एक पट्टी म्हणजे साधारण ६८३ पायऱ्या, दोन पट्ट्यांना १,३६५, चारला २,७३१. जुन्या सगळ्या रेषा नव्याने काढल्या. पल्ला वाद्यात आणि सॉफ्टवेअरमध्ये, दोन्हीकडे सारखाच लावावा लागतो, हेही कोणी नवीन असेल तर लक्षात ठेवा. आणि तानपुरा त्याच चॅनेलवर होता, तर बासरीबरोबर तोही खाली घसरला! त्याला वेगळा चॅनेल दिला.

मग प्राटमध्ये माझी रेषा पाहिली. मला वाटत होतं मी मध्यमावरून अलगद उतरते. तसं नाहीये. मी मध्यमावर बराच वेळ थांबते, मग झपकन उतरते, गंधाराच्या किंचित खाली जाते आणि तिथून वर येऊन टेकते. इतकी वर्षं गातेय, मला हे माहीत नव्हतं. तशीच रेषा काढली आणि पहिल्यांदा बासरी माझ्यासारखी वाजली. ती मीच होते.

ठेका स्वयंपाकघराच्या ओट्यावर बोटांनी वाजवला, क्वांटाइझ पस्तीस टक्के. व्हायोलिन दादांचं ऐकून बासरीच्या मागे माझं गुणगुणणं ठेवलं, कपाटात गाऊन.

काल आईला ऐकवलं. ती डोळे मिटून बसली. संपल्यावर म्हणाली, 'नीज लांबवलीस ते छान केलंस. पण दुसऱ्या ओळीत आई श्वास कधी घेते गं?'

मी परत ऐकलं. खरंच, दुसरी ओळ पहिलीच्या शेपटालाच चिकटलेली आहे. बासरी दमत नाही, त्यामुळे मला कळलंच नाही. गाताना मी तिथे श्वास घेत असणार, कपाटातल्या रेकॉर्डिंगमध्ये तो ऐकूही येतो. आता ती जागा कशी करू? मध्ये रिकामी मात्रा घातली तर ठेका मोडतो.

वांद्र्याचा_व्हायोलिन | पुढचा सोमवार, रात्री ११.५८

ताई, तुमच्या आईंनी एका वाक्यात अरेंजिंग शिकवलं.

गिरगाव_६८ | मंगळवार, सकाळी ६.५०

ताई, मात्रा वाढवू नका. पहिल्या ओळीचं शेवटचं अक्षर पाव मात्रा आधी सोडा. ठेका आपल्या जागी चालू राहील आणि श्वासापुरती फट पडेल. गवई हेच करतो. दुसरी ओळ सम (ठेक्याची पहिली मात्रा) सोडून उचललीत तर आणखी जागा मिळेल, पण आधी एवढंच करून पाहा. आणि जमलं तर मलाही ऐकवा, नातवाला फाइल उघडायला सांगतो.

लालबागची_बॅंजो | मंगळवार, सकाळी ७.०५

काका बरोबर. आणि त्या फटीत ठेका जरा हळू ठेवा ताई, फक्त धुम. चाटी तिथे नको, बाळ उठेल.

काळी_चार | मंगळवार, सकाळी ८.२०

लोकलमध्ये आहे, भांडुप गेलं. हेडफोन लावून पाव मात्रा सोडून म्हणून पाहिलं, बसतंय. संध्याकाळी घरी गेल्यावर आधी तेच करते. काका, फाइल पाठवते.